रिबिटा ठोकून काय होतं? ‘गोदाकाठचा’ यांना उत्तर

‘गोदाकाठचा’ साहेब, नमस्कार.

जुन्या ॲल्युमिनियमच्या होडीचा झिजलेला तळ कसा दुरुस्त करायचा, यावर मी लिहिलं आणि त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतरांसाठी तिचं सार सांगतो. रिबिटा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळी, ठोकणं आणि ठिगळं लावणं हा टाइमपास आहे, सरळ आर्गन मारा, म्हणजे आर्गन वायूचं वेल्डिंग करा. रंगात तांबं आहे का ते बघा. बाकाखालचा फोम पाणी पिऊन जड होतो, तो बदला. आणि शेवटी, "घरबसल्या लिहिणाऱ्यांनी पाण्यातल्या माणसांना अक्कल शिकवू नये."

हे शेवटचं वाक्य नसतं तर आभार मानून मी मोकळा झालो असतो.

घरबसल्या म्हणता? १९७६ साली इंदिराबाईंच्या हस्ते जायकवाडीचं उद्घाटन झालं, तोवर आमची गाळाची जमीन पाण्याखाली गेली होती. आमच्या आज्यानं नांगर सोडून जाळं धरलं ते हौसेनं नाही. पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयाच्या काठावर, माझं सगळं लहानपण कटला-रोहू निवडण्यात गेलं. सगळे थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकायचे, तेव्हा काकांनी मुंबईहून एक जुनी ॲल्युमिनियमची होडी ट्रकवर घालून आणली. तिचं बूड मी पोरवयापासून बघत आलोय. आता तुम्ही पाण्यातले आणि मी घरातला हे कोणी ठरवलं? पटत नसेल तर पटत नाही म्हणा, मी ऐकून घेईन. माणसाची लायकी काढायचं काय कारण होतं?

असो. आता आर्गन.

तुमचं एकच वाक्य आहे, "आर्गन मारा, विषय संपला." विषय तिथंच सुरू होतो, मालक. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर हवेनं जी ऑक्साइडची साय धरते ती दोन हजारांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून वरचं हललेलं दिसत नाही आणि खालचा पत्रा एकदम गळून पडतो. नवा पत्रा असेल तर चांगला कारागीर हे सांभाळतो. झिजून कागदासारखा झालेला तळ सांभाळणं वेगळं. त्यात रिबिटांच्या जोडात वर्षानुवर्षांचा गाळ, ओल आणि फटी बुजवायचं जुनं सीलंट बसलेलं असतं. ते तापलं की वाफ आणि धूर वेल्डमध्ये शिरतो, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या वेल्डच्या आत बारीक भोकं राहतात. शिवाय आच लागली की शेजारच्या धड रिबिटाही ढिल्या पडतात. आमच्या होडीला एका वर्कशॉपात नेमकं हेच झालं. दोन ठिकाणी पाणी येत होतं म्हणून नेली, परत आणली तर कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या उभ्या पट्टीच्या कडेनं रांगच्या रांग पाझरायला लागलेली. पैसे गेले ते वेगळेच.

नाथसागर पसरट आणि उथळ. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की होडी मुरमावरून ओढत न्यावी लागते, त्यामुळे झिजतात त्या आधी कण्याजवळच्या रिबिटांच्या टोप्या. गळती शोधायची तर होडी ओंडक्यांवर चढवा, आत घोट्याएवढं पाणी भरा आणि खाली आडवं पडून बघा. जिथं थेंब धरतो तिथं खडूची खूण. टोपी शाबूत असेल तर एकानं खालून टोपीला जड लोखंड घट्ट टेकवायचं आणि दुसऱ्यानं आतून शेपटीवर, म्हणजे रिबिटेच्या आत आलेल्या टोकावर, हातोडी मारायची. आवाज बदलतो. ढिली रिबीट खुळखुळते, बसली की ठणठणीत वाजते. टोपीच उरली नसेल तर रिबीट ड्रिलनं काढून, सीलंट लावून नवी घालायची, आणि ती बंद तोंडाचीच. बाजारातल्या साध्या पॉप रिबिटेला मधोमध भोक असतं, तिथून पाणी येतंच. तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो आधी थांबवायचा, मग गोल कोपऱ्यांचं ठिगळ. याला तुम्ही टाइमपास म्हणता! करून बघा एकदा, खांदा सांगेल.

एक मान्य. पत्र्याची जाडी मी लेखात द्यायला हवी होती. जाड पत्र्याची, मुळातच वेल्ड करून बांधलेली होडी असेल तर तिला आर्गनच लागतं, आणि चिकलठाण्याला, वाळूजला ते करणारे हात आहेत. पण माझा लेख रिबिटांच्या होडीवर होता. मथळ्यातच तसं लिहिलं होतं. मथळा वाचायला किती वेळ लागतो?

तांबं असलेल्या रंगाचं म्हणाल तर तांबं ॲल्युमिनियमला खातं हे आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक आहे. तो रंग समुद्रात शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात. धरणात तो लावतो कोण? मुंबईहून आलेल्या होडीवर आधीचा असू शकतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. फोम हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी अक्कल काढायची असेल तर टोपणनावाआडून काढू नका. मी माझ्या नावानं लिहितो.