चोविसाव्या हिश्श्याचा मालक

जुनी गाडी दलालाकडून न घेता ओळखीतून घ्यावी, असे बजावणाऱ्या एकाही हितचिंतकाने मला हे सांगितले नव्हते की, ओळखीच्या माणसाकडे पावती मागायला वाघाचे काळीज लागते. ओळखीच्या ओळखीतले एक निवृत्त काका त्यांची २०१४ सालची वॅगनआर २,४०,००० रुपयांना द्यायला तयार झाले आणि नेमका पितृपंधरवडा लागला. गाडी मुळात जुनीच असताना ती नवी खरेदी कशी ठरते, हा माझा युक्तिवाद आईने "आपल्याला ती नवीच" या तीन शब्दांत निकालात काढला. गाडी दसऱ्यालाच घरी येणार, हे ठरले आणि तोवर ती दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून टोकन देणे आले. जमिनीच्या व्यवहारात याच रकमेला विसार म्हणतात; पण विसार म्हटले की सातबारा आणि साक्षीदार डोळ्यांपुढे उभे राहतात, तर टोकन म्हटले की दवाखान्यातला नंबर.

काकांनी १०,००० सांगितले. मी पाच म्हणणार होतो, परंतु यजमानांचा चिवडा तोंडात असताना घासाघीस करणे मला जमत नाही, त्यामुळे मी मुकाट्याने यूपीआयवर रक्कम पाठवली आणि मगच खिशातून पावतीचा मसुदा काढला. (हा क्रम उलटा हवा होता, हे मला आता कुणी सांगू नये.)

"पावती कशाला? आम्ही काय पळून चाललोय?" काका म्हणाले. तरीही त्यांनी चष्मा लावला. आरसीवर अजून बँकेचे नाव होते. कर्ज केव्हाच फिटले होते, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन बोजा उतरवायचे राहून गेले होते. बोजा उतरला नाही किंवा जुनी ई-चलाने भरली गेली नाहीत, तर टोकन परत, असे मी लिहिले होते. ते त्यांनी मान्य केले. पाच हजारांवरच्या पावतीला लागणारे एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीटही देवघराच्या खणात उदबत्तीच्या पुड्याखाली सापडले. आता सही तेवढी राहिली होती, आणि आरसीवर नाव काकूंचे होते.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी पावती वरपासून खालपर्यंत वाचली आणि काकांकडे पाहून विचारले, "गाडी विकताय?"

त्यानंतर खोलीत एवढी शांतता पसरली की, माझ्या तोंडातला चिवडा मलाच मोठ्याने ऐकू येऊ लागला. अखेर काकूंनी सही केली, पण त्याआधी दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात एक अट घातली: दसऱ्यापर्यंत गाडी त्या वापरतील.

तेव्हापासून मी त्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचा मालक म्हणून जगत होतो. मंडईजवळ ती नो पार्किंगमध्ये दिसली की पोटात गोळा येई; पाऊस पडला की आमच्या खिडक्या लावण्याआधी मला तिच्या काचा आठवत. अष्टमीला काकांचा फोन आला. बोजा उतरला होता, दोन चलानेही भरली होती. फक्त काल पंक्चर झाले, त्याचे दीडशे रुपये उरलेल्या रकमेत धरायचे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी हिशेब करून माझ्या वाटणीचे सव्वासहा रुपये देण्याची तयारी दाखवली.

"थांबा," काका म्हणाले, "हिला विचारतो."