पाणवठ्याकाठचा गॅझेबो

सकाळी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आलं. आपल्या मराठवाड्यातल्या एका अभयारण्याचा 'निसर्ग पर्यटन आराखडा'. नाव मुद्दाम घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मुखपृष्ठावर पट्टेदार वाघ, मागं हिरवंगार दाट रान. असं रान आपल्याकडं फार तर श्रावणात दिसतं आणि वाघ तर वस्तीलाच नाही. तरी म्हटलं वाचू. नकाशा उघडला आणि डोकं फिरलं. पाणवठा क्रमांक दोन, त्याच्या अगदी काठावर हिरवा ठिपका : 'प्रस्तावित गॅझेबो व सेल्फी पॉइंट'. गॅझेबो म्हणजे बसायची पक्की छत्री.

हे एकदा करून झालंय, राव. दुसऱ्या एका जंगलात. तिथं पाणवठ्याजवळ वाटेवर चाळलेल्या मातीची पट्टी होती, सेंटीमीटरभर थराची, सकाळी ठसे वाचायला. उन्हाळ्यात रोज सकाळी ती पट्टी भरलेली असायची. रोही (नीलगाय), रानडुक्कर, सायाळ, तरस, कधी अस्वलाचा माणसाच्या तळव्यासारखा ठसा. मग पाण्यापासून वीस पावलांवर सिमेंटची छत्री उभी राहिली. फरशी, बाक, वर लाल रंग. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पट्टीवर कुत्री आणि शेळ्या. बाकी काही नाही.

जनावर पाण्यावर येताना सरळ चालत येत नाही हो. आधी आडोशाला थांबतं, वारा घेतं, कधी अर्धा अर्धा तास. आडोसा, मंद उतार आणि माणसाचा वास नसणं, या तीन गोष्टी जमल्या तरच ते पाण्याला तोंड लावतं. छत्रीनं तिन्ही घालवल्या. बांधकामाला झुडपं तोडली म्हणून आडोसा गेला. बाकाखाली वेफर्सची पाकिटं पडली, त्यांच्यामागं गावातली कुत्री आली, आणि कुत्री आली की चिंकाऱ्याची पाडसं आधी संपतात. सावली झाली म्हणून शेळ्या बसायला लागल्या, त्यांनी उरलेली झुडपं खाल्ली. हे सगळं एका लाल छत्रीनं केलं. आणि आराखड्यात तिचं नाव आहे 'मूल्यवर्धन'!

आता आकड्यांवर येतो. आराखड्यात एका फेरीला तीस जिप्सी लिहिल्यात. कुठून आला हा आकडा? बहुतेक पार्किंगच्या क्षेत्रफळातून. व्याघ्र प्रकल्पांसाठी २०१२ साली केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वहनक्षमता, म्हणजे जंगलाला किती गाड्या आणि माणसं झेपतात, ती कशी काढायची याचं गणित आहे. आपली अभयारण्यं व्याघ्र प्रकल्प नाहीत, मान्य, पण गणिताला कोणी अडवलेलं नाही. समजा जंगलात गाडीचा रस्ता २४ किलोमीटर आहे. दोन गाड्यांत किमान ५०० मीटर अंतर धरा, म्हणजे एका वेळी ४८ गाड्या. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या, ९६. इथंच थांबले की पुढारी खूश. पण खरं गणित इथून सुरू होतं. २४ पैकी ६ किलोमीटर रस्ता चढ-उताराचा, पावसानं वाहून जाणारा, म्हणून चौथा हिस्सा कापा : ७२. पाणवठ्यालगतचा आणि विणीच्या जागेचा आणखी चौथा हिस्सा कापा : ५४. वर्षात तीन महिने बंद, पुन्हा चौथा हिस्सा : ४०. मग शेवटचा प्रश्न, सगळ्यात अवघड. माणसं किती? दहा वनरक्षकांची गरज आणि भरलेली पदं चार असतील तर क्षमता चाळीस टक्के. उरल्या १६. म्हणजे एका फेरीला आठ गाड्या, गाडीत सहा पर्यटक. दिवसाला शंभराच्या आत माणसं. तीस आणि आठ. या फरकात जंगल मरतं.

आठ गाड्यांत रोजगार किती होणार, असं कोणी विचारेल. बरोबर आहे, थोडाच होईल. पण तीस गाड्यांचा रोजगारही पहिल्या दोन वर्षांचाच, कारण तिसऱ्या वर्षी दाखवायला काही उरत नाही.

आणि तो वाघ! मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला, यवतमाळच्या टिपेश्वरमधून चालत आलेला. २०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंग घाटात आला, तोही टिपेश्वरचाच. आपल्याला आनंद झाला, व्हायलाच पाहिजे. पण हे तरुण नर आहेत, जागा शोधत फिरणारे. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर. तेवढ्यात एका नराचंही भागत नाही, तो शेतातून, उसातून, रेल्वेरुळावरून फिरत राहणार. अशा वाटसरूच्या भरवशावर सफारीची तिकिटं छापणं म्हणजे पावण्याचा फोटो दाखवून लग्न जमवणं. वाघ भरपूर असले तरी काय होतं तेही बघितलंय आपण. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं, हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथं प्रशिक्षित गाईड होते, नियम होते, गेट होतं. इथं?

जरा शांतपणे लिहितो, नाहीतर नुसती चिडचिड वाटेल.

आपलं रान पानगळीचं आहे. साग, सालई, धावडा, अंजन, पळस. फेब्रुवारीत पानं झडतात, पळस पेटतो, आणि तेव्हाच लांबवरचं दिसायला लागतं. जनावर बघायचं तर फेब्रुवारी ते मे, पहाट आणि शेवटचा उजेड. पावसाळ्यात सगळीकडं पाणी, जनावर पांगतं, गवत छातीएवढं, काळ्या मातीच्या रस्त्यात गाडी रुतते आणि रुतलेली गाडी काढताना आणखी दहा फूट रान चिरडलं जातं. तरी आपल्याकडं गर्दी पावसाळ्यातच. कारण ती जनावरांची नाहीच, धबधब्यांची आहे. तिसरी गर्दी देवाची : रामलिंगला श्रावणात, पाटणादेवीला नवरात्रात. या तीन गर्द्या वेगळ्या आहेत, त्यांच्या वाटा, वेळा, संडास, पार्किंग वेगळं पाहिजे. धबधबेवाल्यांच्या गाड्या गेटबाहेर थांबवा, आत बस सोडा, दुपारी चारनंतर प्रवेश बंद. शोषखड्डा ओढ्यापासून किमान तीस मीटर लांब. यात्रेच्या दिवशी सफारी बंद. आराखड्यात तिन्ही मिळून एकच शब्द आहे, 'पर्यटक', आणि एकच आकडा.

दाखवायला आपल्याकडं कमी नाही. मोहाच्या फुलांखाली अस्वलाची विष्ठा, सायाळीचं बीळ, सालईच्या खोडावर बिबट्याची नखं, रोह्याची एकाच जागी साठलेली लेंड्यांची रास. नायगावच्या मयूर अभयारण्यात मे-जूनची पहाट नुसती ऐकायला जावं. जायकवाडीला हिवाळी पाखरं आहेत. गौताळ्यात तर त्याच रानात पितळखोऱ्याची लेणी. गावातला मुलगा हे वाचायला शिकला तर चार किलोमीटर पायी फिरवून तीन तास गुंतवून ठेवतो. जिप्सी लागत नाही, पेट्रोल लागत नाही. सहा माणसांचा गट, एक गाईड, दोन गटांत अर्धा तास अंतर. अस्वलाचं रान असेल तर पायवाट मोकळ्या जागेतून आणि बोलत चालायचं, कारण अचानक समोर आलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. गाईडांची पाळी फलकावर लावायची, नाहीतर पुढाऱ्याच्या भाच्याला रोज फेरी आणि बाकीचे घरी. गाईड निघून जातात ते पगार कमी म्हणून नाही, पाळी चुकते म्हणून. यासाठी आराखड्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलंय. दोन दिवसांत रोह्याचा आणि रानडुकराचा ठसासुद्धा वेगळा ओळखता येत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. नैसर्गिक डोह मार्चमध्ये आटतात, मग टँकर. आराखड्यात चार नवे पाणवठे आहेत, सरळ भिंतीचे चौकोनी हौद. त्यात ससा, मुंगूस, मोराचं पिल्लू पडलं की बाहेर येत नाही, मरतं, पाणी नासतं. पाणवठा बशीसारखा पाहिजे. मधे दोन-सव्वादोन फूट खोल, चारी बाजूंनी हळूहळू चढत गेलेला, काठाला दगड. पंधरा दिवसांनी शेवाळ घासायचं. सौरपंप बसवला तर फ्लोट झाकून ठेवायचा, वानरं ओढून तोडतात, आणि पॅनेल धुवायला माणूस नेमायचा, नाहीतर एप्रिलच्या धुळीत पाण्याची धार निम्मी होते. गाडीचा रस्ता पाणवठ्यावरून नेऊ नये. लांबून दिसेल असा वळवावा, मधे झुडपांची भिंत ठेवावी. मचाण पाहिजे तर वारा पाणवठ्याकडून मचाणाकडं येईल अशा बाजूला, एक, आणि तेही बुद्धपौर्णिमेच्या गणनेसारखं, गप्प बसणाऱ्यांसाठी. हे जंगलातल्या कुठल्याही जुन्या वनमजुराला विचारलं असतं तर त्यानं बसल्या जागी सांगितलं असतं.

रस्ते केले तर वणव्याला गाडी लवकर पोचते, हेही खरं आहे, नाकारत नाही. पण मग जाळरेषेचाच (वणवा अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी) रस्ता वापरा ना, नवीन कशाला कापता? रुंदी साडेतीन मीटर पुरे, एकेरी, गोल फिरून येणारा. रुंद केला की वेग वाढतो आणि मोर चाकाखाली येतात.

त्या छत्रीच्या जंगलात पुढं काय झालं तेही सांगतो. पाणी तिथंच होतं, टँकर येत होता, कागदावर पाणवठा चालू. रोही मात्र खाली शेताकडं उतरायला लागले. एका रात्री कठडा नसलेल्या विहिरीत एक पडलं. सकाळी अख्खं गाव जमलं, दोर लावले, बाहेर काढेपर्यंत गेलेलं. ज्या शेतकऱ्याची विहीर त्याचंच नाव पंचनाम्यात. त्याचा हरभरा आधीच खाल्लेला होता. छत्री बांधणाऱ्याचं नाव कुठंच नाही, ते संगमरवरी पाटीवर आहे.

ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचेल आणि ज्यांची या आराखड्याच्या बैठकीत खुर्ची आहे त्यांना विनंती. अभयारण्याच्या आत व्यावसायिक लॉज, हॉटेल किंवा सफारी पार्क बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते, १९७२ च्या कायद्याचं कलम ३३ आहे. पान अकरावर 'इको रिसॉर्ट' लिहिलंय ते आधी त्यावर घासून बघा. कॅमेरे लावून किमान एक उन्हाळा मोजा, दोन चौरस किलोमीटरला एक जोडी, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मग गाड्यांचं बोला. एवढंही जमणार नसेल तर निदान नकाशावरचा पाणवठा क्रमांक दोनजवळचा तो हिरवा ठिपका खोडा. बाकीचं बैठकीत भांडू.