बाजू कसली, आधी शेजार बघा

‘अमेरिका की चीन, छोट्या देशांना एक बाजू घ्यावीच लागेल’ हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला पटत नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. असा शेजार आधीच उभा राहिला असता, तर तिथलं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे द्यायची पाळी कदाचित आली नसती. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद २०१४ नंतर झालेलीच नाही. २०१६ मध्ये इथे गोव्यात बिमस्टेकचे, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांच्या गटाचे नेते जमले, तेव्हा केवढी आशा वाटली होती! आमच्या सासष्टी तालुक्यात कितीतरी घरांतली माणसं बोटीवर कामाला आहेत. तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं सुटली की त्यांच्या आया रात्रभर फोन उशाशी घेऊन असतात. हिंदी महासागराकाठच्या देशांनी मिळून गस्त वाढवावी, आणि लवकर.