एक, चार की आठ?

इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने काल माझं बिल अर्ध्यावर आणलं. का, तर त्याच्या कॉम्प्युटरमधले प्रोसेसर ‘निम्मेच निघाले’. जणू बाकीचे मी खिशात घालून नेले.

मालाचे ढीगभर फोटो लहान करायचा प्रोग्राम लिहून दिला होता. काम प्रोसेसरांत वाटायचं असल्याने प्रोग्राम आधी मशीनलाच विचारतो, तुझ्याकडे किती? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं हे मोजणारं फंक्शन, ओएस डॉट सीपीयू काउंट, म्हणालं, आठ.

कूलरसमोर एक काकाजी बसले होते. गिऱ्हाईक नाही, नातेवाईक नाही. मे महिन्यात नागपुरात ज्याचा कूलर चांगला त्याच्याकडे अशी माणसं उगवतातच.

‘‘आठ? खोल बरं डब्बा.’’

खोलला. पंख्याखाली चिप एकच.

‘‘हे तं एकच हाय ना बे!’’

सांगितलं, काकाजी, चिप एक, आत कोअर म्हणजे खरं काम करणारे भाग चार, आणि हायपरथ्रेडिंग नावाच्या युक्तीमुळे एकेक कोअर विंडोजला दोन-दोन दिसतो. सीपीयू काउंट हे दिसणारे मोजतं. चिप बनवणाऱ्या इंटेलने हे 2002 मध्येच सुरू केलं.

‘‘म्हणजे पोरं चार, हजेरीपटावर नावं आठ?’’ काकाजींचा चेहरा उजळला. ते शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले निघाले! मग 2011 ची पटपडताळणी सुरू झाली. कोणत्या शाळेत कुठून पोरं आणून बसवली, एकाच पोराने दोन वर्गांत ‘हजर’ कसं म्हटलं, सगळं साग्रसंगीत. मधेच माझ्याकडे बोट : ‘‘अन् हा आठांची खिचडी उचलून राहिला!’’

वैतागून पायथॉनच्याच पीएसयूटिल या तयार फंक्शनांच्या लायब्ररीला नुसते खरे कोअर विचारले. तिने चार सांगितले.

‘‘पाहा, मशीनच कबूल करून राहिली,’’ शेठजी म्हणाले आणि बिलावर पेन फिरवला. सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेतल्या याच कामाच्या फंक्शनला उत्तर सापडलं नाही तर शून्य सांगायची मुभा आहे. ते वापरलं असतं तर मलाच पदरचे पैसे द्यावे लागले असते.

बिल मी प्रोसेसरमागे लावलंच नव्हतं, हे कोण ऐकतो? एका कोअरचे दोन दिसले म्हणून काम दुप्पट होत नाही, मान्य. पण फोटो तर सगळे झाले ना? ज्याने ‘आठ प्रोसेसरवालं’ म्हणून हे मशीन विकलं, त्याचे पैसे केव्हाच पूर्ण चुकते झालेत.

आज उरलेल्या पैशांसाठी फोन केला. शेठजी म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्ही काकाजींशी बोलून घ्या.’’