युद्धपट पाहून सैनिक कळतो का? गावोगाव फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट जवळ आले की आमच्या बुलढाणा-वाशीमकडच्या खेड्यांतील मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की युद्धपट सत्यघटनांवर बेतलेले असतात, लष्कराच्या परवानगीने निघतात आणि ते पाहताना माजी सैनिकांचेही डोळे भरून येतात. म्हणून सैनिकाचे जीवन समजायला तीन तासांचा एक चित्रपट पुरेसा आहे आणि भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला तो दाखवावा. संदेश पाठवणाऱ्यांच्या मनात सैनिकांविषयी खरा आदर आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्याचा त्रास गावी परतलेल्या सैनिकालाच होतो.

सत्यघटनेचा दावा करताना सर्वाधिक नाव घेतले जाते ते 1997 सालच्या ‘बॉर्डर’चे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली 23 पंजाब या पलटणीचे सुमारे 120 जवान होते आणि त्यांनी रणगाड्यांसह चालून आलेले कितीतरी मोठे पाकिस्तानी सैन्य रोखून धरले, हे निर्विवाद खरे आहे. मात्र पडद्यावर प्रमुख पात्रे एकामागून एक मरतात, तर प्रत्यक्षात त्या कंपनीचे दोन जवान धारातीर्थी पडले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड यांना चित्रपटात वीरमरण आले. खरे भैरोसिंह त्या लढाईतून सुखरूप परतले, 1972 मध्ये त्यांना सेनापदक मिळाले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरला त्यांचे निधन झाले. ज्यांच्या पडद्यावरील मरणाने थिएटरे हळहळली, ते गृहस्थ त्यानंतर पंचवीस वर्षे आपल्यातच होते. त्या रात्रीचे खरे स्वरूपही वेगळे होते. काटेरी तारा पाहून पुढे सुरुंग पेरलेले असावेत या संशयाने शत्रूचे रणगाडे थबकले, आणि जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करण्याची सोय नसल्यामुळे जवानांना उजाडेपर्यंत तग धरावा लागला. ही दीर्घ, जीवघेणी प्रतीक्षा सहन करणे हाच त्यांचा पराक्रम होता, असे मला वाटते. पडद्यावर मात्र ती रात्र धुमश्चक्रीने भरून काढली आहे.

परवानगीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लष्करी विषयावरील चित्रपटांना संरक्षण मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र असावे, अशी सूचना 2020 मध्ये करण्यात आली, ती सैन्याची प्रतिमा मलिन होऊ नये म्हणून. प्रतिमा जपली गेली म्हणजे अनुभव खरा उतरला, असे त्यातून सिद्ध होत नाही. माजी सैनिकांच्या अश्रूंचेही तसेच आहे. एखाद्या दृश्याने त्यांना गमावलेला सोबती आठवतो; ते दृश्य जसेच्या तसे घडले होते, अशी ग्वाही त्यांनी दिलेली नसते.

सर्वांत मोठी गफलत आहे ती सैनिकाचे जीवन म्हणजे समोरासमोरची लढाई असे मानण्यात. सियाचीनवर एप्रिल 1984 पासून आपले सैन्य उभे आहे आणि तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, विरळ हवा आणि हिमस्खलन यांनीच अधिक जवानांचे प्राण घेतले आहेत. 3 फेब्रुवारी 2016 रोजी 19 मद्रासच्या दहा जवानांवर बर्फ कोसळले, तेव्हा तेथील भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीला बारा वर्षे उलटून गेली होती. विदर्भाला तर यासाठी दूर पाहण्याचीही गरज नाही. 31 मे 2016 रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट होऊन आग लागली आणि ती विझवताना दोन लष्करी अधिकाऱ्यांसह जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे प्राण गमावलेल्या 40 जणांत आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन होते, एक मलकापूरचे आणि दुसरे लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे हे जवान बसमधून श्रीनगरकडे निघाले होते आणि बंदूक उचलण्याचीही संधी त्यांना मिळाली नाही. त्यांचे बलिदान तसूभरही कमी नाही. पण युद्धपटाच्या साच्यात ते बसत नाही.

हा साचा डोक्यात बसला की गाव सुट्टीवर आलेल्या किंवा निवृत्त फौजीला एकच प्रश्न विचारते : “काकाजी, तुमी किती मारले?” ज्याने सगळी नोकरी सिग्नल, रसद किंवा वाहन दुरुस्तीत काढली, तो या प्रश्नापुढे ओशाळतो. ज्याने खरोखर गोळीबार पाहिला, तो बहुधा विषय बदलतो, कारण भीती, झोप उडणे, सोबत्याला मागे सोडून यावे लागल्याची टोचणी यांविषयी ऐकायला पारावर कोणी बसलेले नसते. पडद्यावरचा नायक घाबरत नाही, त्यामुळे आपल्याला भीती वाटली होती हे सांगणेच या माणसाला कमीपणाचे वाटू लागते, आणि उपचारांची गरज असतानाही तो गप्प राहतो. चित्रपटाच्या अचूकतेचा वाद मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

राहिला भरतीचा मुद्दा. पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटरचा सराव करणाऱ्या मुलांना चित्रपट जरूर पाहू द्यावा, पण त्याआधी गावातल्या माजी सैनिकाशेजारी तासभर बसवावे आणि रजा कशी मिळते, पहारा कसा असतो, घरी आजारपण असताना तिकडे दिवस कसे जातात, हे विचारू द्यावे. चार वर्षांसाठी सैनिक भरती करणारी अग्निपथ योजना 2022 मध्ये आली तेव्हा जाहीर झालेल्या अटींनुसार चार वर्षांनंतर 25 टक्क्यांपर्यंतच अग्निवीर (या योजनेतून भरती झालेले जवान) कायम सेवेत घेतले जातात. बाकीच्यांना पंचविशीच्या आसपास पुन्हा कापूस-सोयाबीनच्या शेताकडे किंवा दुसऱ्या नोकरीच्या शोधात परतावे लागेल, हेही त्या मुलांना मैदानावर उतरण्यापूर्वी कोणीतरी सांगितले पाहिजे.