‘द स्क्रीम’ बघायचं तर काळ्या शाईतलं बघा

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकचं ‘द स्क्रीम’ म्हटलं की लालभडक आकाश आठवतं. ते १८९३ चं रंगीत चित्र. १८९५ मध्ये बर्लिनला त्याने तेच चित्र लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून घेतलेला शिळाछाप, म्हणून केलं, आणि माझ्या मते त्यातली घुसमट या काळ्या छापातच जास्त बोचते. रंग गेला की सगळा भार रेषेवर येतो.

त्या रेषा सावकाश बघा. कठडा सरळ, पट्टीने ओढल्यासारखा. मागची दोन माणसंही ताठ, उभी. आकाश आणि खाडी मात्र नागमोडी, आणि मधल्या आकृतीचं अंग वळतं ते या नागमोडी रेषांसारखंच. उभी आहे माणसांच्या रस्त्यावर, पण घडली आहे आकाशाच्या रेषांनी. एकटेपण दाखवायला मुंकने तिला ओसाड माळावर नेलं नाही. चालती माणसं मागे ठेवूनच तिला एकटं पाडलं. चेहऱ्याचा पांढरा रंग म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद. चित्राखाली जर्मन ओळ छापली आहे: सृष्टीतून गेलेली मोठी किंचाळी मला जाणवली, अशा अर्थाची. म्हणून तर हात कानांवर आहेत. ती किंचाळत नाहीये, तिला ऐकू येतंय.

जाड रेषांमुळे पुष्कळ जण याला वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्याचा छाप, समजतात. तसं नाही. वुडकटमध्ये कोरलेला ठोकळा कागदात दाबला जातो, कडेला शाईची बारीक किनार साचते. लिथोग्राफ सपाट असतो, कारण इथे कोरणं नसतंच. सगळं तेल-पाण्याच्या वैरावर चालतं. चुनखडीचा दगड वाळूने घासून सपाट करायचा, त्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने काढायचं, मग नायट्रिक आम्लाचे थेंब घातलेलं डिंकाचं पाणी फिरवायचं. कोरा भाग पाणी धरतो, चित्र शाई धरतं. आम्ल जास्त झालं तर नाजूक रेषा जळतात. कमी पडलं तर रेषांमधल्या फटी शाईने बुजतात. शाईचा रूळ फिरवताना दगड सुकला की पांढऱ्या जागी करडा मळ चढतो. बोटाचा तेलकट ठसासुद्धा छापात उमटतो. या चित्रात काळ्या रेषांमधली पांढरी फट बुजली तर आकाशाची थरथरच संपेल.

शिवाय छाप उलटा येतो. रंगीत चित्रात ती दोन माणसं डावीकडे आहेत, छापातही डावीकडेच. म्हणजे दगडावर ती उजवीकडे होती.

जवळपास त्याच वेळी, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्याचा छापखाना घाटकोपरला जर्मन यंत्रांवर सुरू झाला. तंत्र तेच, पण तिथे रंगागणिक वेगळा दगड, आणि सगळा आटापिटा दगडाची खूण लपवून तैलचित्राचा भास आणण्यासाठी. मुंकने एकाच काळ्या शाईत रेष उघडी ठेवली. दोन्ही कामं मला प्रिय आहेत, पण शिळाछापाची खरी ताकद मला मुंककडे दिसते.

रंगाशिवाय भीती कशी दिसणार, असं वाटणाऱ्यांनी शेजारी मुंकचाच १८९६ चा ‘अँग्स्ट’ (म्हणजे भीती, चिंता) हा छाप ठेवावा. तिथे लाल शाई परत आली आहे, आकाश पुन्हा पेटलं आहे, आणि समोरून पांढऱ्या चेहऱ्यांचा घोळका येतोय. थोर काम आहे. पण तिथे नजर आधी लाल पट्ट्यांकडे जाते, चेहऱ्यांकडे नंतर.