जिमखान्याची फी सगळे भरतात, मैदान मात्र संघाचं

कॉलेजात प्रवेश घेताना जी पावती मिळते ती एकदा शांतपणे वाचून बघा. शिकवणी शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा, आणि त्यातच कुठेतरी एक ओळ असते: जिमखाना. रक्कम लहान असते, पण ती प्रत्येक मुलाकडून आणि प्रत्येक मुलीकडून घेतली जाते. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी नेहमी विचारते, की जिमखान्यात कोण कोण जाऊन आलंय? चार-दोन हात वर होतात. ते हात संघात खेळणाऱ्यांचे असतात. बाकीच्यांना वाटतं, ती जागा आपली नाही. 'मॅम, मी कुठं खेळते? मला काहीच येत नाही,' असं एक मुलगी म्हणाली तेव्हा मला फार वाईट वाटलं. पळायला, घाम गाळायला, मैत्रिणींबरोबर तासभर हुंदडायला आधी काहीतरी 'येत' असावं लागतं, हे तिला कुणी शिकवलं?

आपल्याकडे कॉलेजातला खेळ म्हणजे निवड चाचणी, संघ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग राज्यातल्या विद्यापीठांमधली 'अश्वमेध' क्रीडा स्पर्धा. ही साखळी उत्तम आहे आणि तिच्यातून मोठे खेळाडू घडले आहेत. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, तेव्हा आपलं पुणे विद्यापीठ देशात दुसरं आलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्या संघात असतील तेवढे विद्यार्थी सोडले, तर उरलेल्या लाखोंच्या शरीराचं काय, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नसतो. माझं म्हणणं सरळ आहे. विद्यार्थी हलत नाहीत याचं मुख्य कारण आळस नाही. त्यांना हलायला जागा, वेळ आणि मोकळीक कुणी दिलेली नाही, आणि ती देणं हे कॉलेजचं काम आहे.

आधी वेळेचं बोलू, कारण 'वेळच नाही' हे मुलंही म्हणतात आणि प्राध्यापकही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८ ते ६४ वयाच्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, म्हणजे झपझप चालणं, सायकल चालवणं. जोरात पळणं किंवा खेळणं असेल तर ७५ ते १५० मिनिटंही पुरतात. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. जोर, बैठका यात येतात. आठवड्याचे तास १६८. त्यातले अडीच तास निघत नाहीत असं म्हणणाऱ्याच्या मोबाईलचा स्क्रीन टाइम मी विचारत नाही, कारण मला तो वाद घालायचा नाही. अडीच तास निघतात. पण संध्याकाळी साडेपाचला प्रॅक्टिकल सुटतं, सहाला मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं आणि वसतिगृहात परतायची वेळ ठरलेली असते. मग हे अडीच तास नेमके कुठे बसवायचे?

याच सूचनांमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधीच्या, २०१० च्या सूचनांमध्ये म्हटलं होतं की हालचाल सलग किमान दहा मिनिटांची असेल तरच धरायची. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे तीन जिने चढलात, तेही जमेस धरलं जातं. मेसपर्यंत रिक्षा न करता चालत गेलात, तेही. दोन तासिकांच्या मध्ये पाच मिनिटं व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, तेही. ट्रॅकसूट, बूट, जिमची वार्षिक वर्गणी आणि डबाभर प्रोटीन पावडर असल्याशिवाय व्यायाम सुरूच होत नाही, अशी जी समजूत आजकाल पोरांच्या मनात पक्की बसली आहे, ती या एका बदलानं मोडायला हवी. मेसच्या वरणात, उसळीत, भाजक्या शेंगदाण्यांत, फुटाण्यांत, अंड्यांत प्रथिनं असतात. गावाकडून येणाऱ्या पैशांतून पावडरचा डबा घेणाऱ्या मुलाला हे कुणीतरी प्रेमानं सांगायला हवं.

देशाची स्थिती साधी नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० साली हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि २०२२ मध्ये बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. या पंधरा टक्क्यांच्या फरकाकडे मी परत परत बघते, कारण तो मला रोज डोळ्यांसमोर दिसतो.

शाळेत मी खो-खो खेळले. आमच्या तालुक्याच्या गावी मुलींचा संघ होता, सर होते, चुन्यानं आखलेलं मैदान होतं. दहावीनंतर त्यातल्या बहुतेकींचं पळणं थांबलं. त्यांचे पाय काही अचानक कमजोर झाले नव्हते. 'आता मोठी झालीस' हे वाक्य आड आलं. आज माझ्या वर्गातल्या मुलींचीही तीच गोष्ट आहे. मैदानावर मुलांचं क्रिकेट चाललेलं असतं, कडेला बघे बसलेले असतात, कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृह लांबच्या इमारतीत आणि तेही बंद, अंधार पडला की दिवा नाही. अशा ठिकाणी अठरा वर्षांची मुलगी एकटी ट्रॅक पँट घालून पळायला येईल अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर ठेवतो? टेकडीवर जा म्हणावं, तर तिथल्या लुटालुटीच्या बातम्या घरच्यांनी वाचलेल्या असतात. वेताळ टेकडी, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे पुण्याचं वैभव आहे, आणि फुकट आहे. पण ते मुलींच्या वाट्याला यायचं तर चार-पाच जणींनी मिळून जावं लागतं, आणि तसा गट जुळवून देणं हे कॉलेजला सहज जमण्यासारखं आहे. कुणी करत नाही, एवढंच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या रात्री मी रडले, खरंच. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर बऱ्याच मुलामुलींनी शाळेनंतर एकदाही खो दिलेला नव्हता. ज्या खेळाला दोन खांब, चुना आणि मोकळी जागा एवढंच लागतं, ज्यात एका संघाचं आक्रमण नऊ मिनिटांत संपतं आणि तेवढ्यात छाती भात्यासारखी चालायला लागते, तो खेळ आठवड्यातून एका संध्याकाळी सगळ्यांसाठी खुला ठेवायला किती खर्च येतो?

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण ऑलिंपिकची म्हणून सांगतो. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मला ती कॉलेजची गोष्ट वाटते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, किरकोळ अंगाचा म्हणून खाशाबांना वार्षिक क्रीडास्पर्धेत घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, असं सांगतात. ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी खेळू दिलं. पुढे हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा याच खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे, आणि पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबांचं. घर गहाण ठेवा असं आजच्या प्राचार्यांना कुणी म्हणत नाही. निवड चाचणीत बाद झालेल्या पोरालाही मैदानात येऊ द्या, एवढीच मागणी आहे.

आणि अभ्यास बुडेल म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलंच उदाहरण. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालीम, पोहणं आणि शरीर कमावण्यात घालवलं. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. अख्खं वर्ष द्यावं असं मी कुणालाही सांगणार नाही. पण मंडालेची सहा वर्षं काढणाऱ्या माणसानं आपल्या शरीराची सोय आधी करून ठेवली होती, हे मात्र मुलांना आवर्जून सांगते. व्यायामानं झोप सुधारते, मन हलकं होतं, लक्ष टिकतं. परीक्षेच्या महिन्यात पहिली काट व्यायामावर बसते, आणि नेमक्या त्याच महिन्यात त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

पुण्याच्या सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. कॉट बेसिसवरची खोली, दोन खाटांच्या मध्ये उभं राहायला जेमतेम जागा, मग डबा, मग अभ्यासिका. एका खुर्चीत दहा-बारा तास. मध्ये चहा, परत खुर्ची. पंचविशीत पाठ धरलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या शेजारीच पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात, कारण तिथे त्याला गुण आहेत. म्हणजे जागा मिळते, वेळ मिळतो, पहाटे उठताही येतं. राज्यसेवेच्या मुलांना ते गुण नाहीत म्हणून त्यांच्या शरीराला किंमत नाही का? अभ्यासिका चालवणाऱ्यांनी एवढं तरी करावं: गच्ची उघडी ठेवावी, दर दीड-दोन तासांनी सगळ्यांनी उठून जिना चढून वर जाऊन यावं. दहा सूर्यनमस्कारांना एका माणसाच्या उंचीइतकी जागा पुरते.

नव्या शैक्षणिक धोरणात योग, क्रीडा, तंदुरुस्ती यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण एका ठिकाणी मी जे पाहिलं त्यानं चीड आली. साठ-सत्तर मुलं वर्गात बाकांवर बसून 'व्यायामाचे फायदे' वहीत उतरवून घेत होती, शेवटी बहुपर्यायी प्रश्नपत्रिका. बाहेर मैदान रिकामं होतं. हे श्रेयांक मैदानावर मिळवायचे असतात. शिक्षक कमी असतील तर वरच्या वर्गातल्या खेळाडूंना मानधन देऊन पहिल्या वर्षाच्या तुकड्या द्या. त्यांनाही चार पैसे मिळतील.

माझ्या मागण्या अशा आहेत. आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी मैदान संघात नसलेल्यांसाठी राखून ठेवा आणि तसा फलक लावा. त्यातली एक संध्याकाळ फक्त मुलींची असू द्या, दिवे लावून, कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह उघडं ठेवून. वसतिगृहाची परतायची वेळ मैदानाच्या वेळेशी जुळवा. जिमखाना शुल्क किती जमलं आणि कशावर खर्च झालं, हे वर्षातून एकदा सूचना फलकावर लावा. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काय सोय आहे तेही त्याच फलकावर लिहा, कारण त्यांच्याबद्दल तर कुणी तोंडच उघडत नाही. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

आता तुमच्याकडून मदत हवी आहे. तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या कॉलेजात संघात नसलेल्यांना मैदान कोणत्या वेळी मिळतं, मुलींना किती वाजेपर्यंत थांबता येतं, स्वच्छतागृह उघडं असतं का, हे खाली लिहा. पुणे असो, लातूर असो, अमरावती असो की पणजी. जिथे चांगलं चाललं आहे तिथलं तर नक्की लिहा, म्हणजे दाखवायला उदाहरण मिळेल. पंधरा दिवसांनी हे सगळं एकत्र करून मी आमच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी तसं कळवा.